मुत्सद्दी नाना फडणवीस

मुंबईहून ठाण्याकडे जाऊ लागले म्हणजे घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग ही स्थळे मागे टाकल्यावर भांडुप लागते. पूर्वेस ठाण्याची खाडी व तिच्या काठची मिठागरे, पश्चिमेस डोंगरांची रांग आणि मधून ठाण्यास जाणारा रस्ता व लोहमार्ग, अशी ह्या गावाची ठेवण आहे. आज भांडुप हे मुंबई महानगराचे एक गजबजलेले उपनगर आहे. परंतु अडीचशे वर्षांपूर्वी मुंबई हे एक राज्य होते आणि भांडुप दुसऱ्या राज्यात होते. मुंबईच्या लहानशा बेटावर इंग्रजांच्या कंपनीचा अंमल होता. खाडीपलीकडे वांद्र्यापासून ठाण्या-घोडबंदरापर्यंत पसरलेले साष्टी बेट पेशव्यांच्या ताब्यात होते. मुंबई बेटाच्या टोकास असलेल्या एका गावाचे नावच शीव, म्हणजे सीमा, असे आहे. ह्या शिवेच्या अलीकडे एक शेजारी, पलीकडे दुसरा. शेजाऱ्याशी वागावे कसे, मित्र कोणास म्हणावे आणि दिलेला शब्द कोठवर पाळावा, हे प्रश्न जसे दोन घरांमध्ये उभे राहतात, तसेच ते दोन राज्यांमध्येही उभे राहतात. ह्या प्रश्नांशी ज्याने आपल्या आयुष्याची पंचवीस वर्षे झुंज घेतली, तो पुरुष म्हणजे नाना फडणवीस.

साष्टी बेट मराठ्यांकडे आले ते मोठ्या पराक्रमाने. त्यापूर्वी तेथे पोर्तुगीजांची सत्ता होती. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा बळकट किल्ला जिंकला. हजारो माणसे कामास आली होती, तरीही शरण आलेल्या पोर्तुगीजांना दिलेला शब्द आप्पांनी पाळला आणि त्यांना आपल्या कुटुंबांसह व चीजवस्तूंसह सुखरूप जाऊ दिले. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईच्या इंग्रजांनी पेशव्यांशी सलोख्याचा व व्यापाराचा तह केला. तेव्हापासून इंग्रज हे मराठ्यांचे मित्र व शेजारी असे दोन्ही नात्यांनी बांधले गेले.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे पाळण्यातले नाव बाळाजी, वडिलांचे नाव जनार्दन आणि घराण्याचे आडनाव भानू. हे घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ देशावर आले, त्यांच्याबरोबर नानांचे आजोबा बाळाजी महादेव हेही आले. १७१९ साली दिल्लीच्या दंगलीत धन्याच्या कामी त्यांनी आपला देह ठेवला. ह्या निष्ठेमुळे भानूंच्या घराण्याकडे फडणिशी, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे व दप्तराचे काम, चालत आले. लहानपणी नानांची प्रकृती नाजूक होती. तलवार-भाल्यापेक्षा पोथ्या, हिशेब आणि विचार ह्यांकडे त्यांचा ओढा अधिक होता.

१७५६ साली वडील वारले आणि अवघ्या चौदाव्या वर्षी फडणिशीचा भार नानांच्या शिरावर आला. त्याच वर्षी कोकणात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट घडली. पेशव्यांनी तुळाजी आंग्रे ह्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली होती. जिंकलेले किल्ले मराठ्यांकडे द्यावयाचे, असे आधीच ठरले होते. परंतु फेब्रुवारी महिन्यात इंग्रजांनी विजयदुर्ग सर केला आणि तो आपल्याच ताब्यात ठेवला. पुष्कळ बोलणी होऊन, बदल्यात बाणकोट पदरात पडल्यावरच, त्या वर्षाच्या उत्तरार्धात त्यांनी तो परत केला. आपल्या घरच्या भांडणात बाहेरच्या मित्राला बोलावले, तर तो आपली सोय आधी पाहतो, हा धडा मराठ्यांना येथे मिळाला. दप्तराचे काम नुकतेच हाती घेतलेल्या ह्या मुलाला पुढे जन्मभर ह्याच धड्याची उजळणी करावी लागणार होती.

१७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. नाना सैन्याबरोबर होते. आई व पत्नीही बरोबर होत्या. रणधुमाळीतून नाना कसेबसे निसटले. पत्नीची पुढे भेट झाली. परंतु आईला ते कायमचे मुकले. एकोणीस वर्षांच्या त्या तरुणाने रणांगणावर एका पिढीचा संहार पाहिला. लढाईने काय मिळते आणि काय जाते, ह्याचा तोल पुढे नाना नेहमी फार काळजीपूर्वक पाहत. मराठेशाहीतील चतुर पुरुषांना लोक साडेतीन शहाणे म्हणत. त्यांत सखारामबापू, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण शहाणे, आणि तलवार न चालविणारे नाना तेवढे अर्धे! पण ह्या अर्ध्या शहाण्याच्या बुद्धीपुढे पुढे भल्याभल्यांना हात टेकावे लागले.

थोरले माधवराव पेशवे १७७२ साली निवर्तले. पुढल्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे धाकटे बंधू नारायणराव ह्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, गादीवर बसले. परंतु न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी त्यांनाच ह्या खुनाबद्दल दोषी ठरविले. तेव्हा सखारामबापू, नाना आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन राघोबांना दूर केले. हेच बारभाईंचे कारस्थान होय. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई ह्यांना पुत्र झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळास पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेच सवाई माधवराव. राज्याचा धनी पाळण्यात आणि राज्याचा भार कारभाऱ्यांच्या शिरावर, अशी ती वेळ होती.

घरात दुही माजली, की शेजाऱ्याची नीती कसोटीस लागते. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी बेट फार दिवसांपासून हवे होते. त्यांचे बेट लहान. धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला सारे बाहेरून आणावे लागे. साष्टी हाती आली तर मुंबईस अन्नही मिळेल आणि संरक्षणही होईल, हा त्यांचा हिशेब होता. पोर्तुगीज लोक साष्टी परत घेण्यासाठी आरमार आणीत आहेत, अशी वार्ता आली. तिचे निमित्त करून इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबर महिन्यात ठाण्याच्या किल्ल्यास वेढा घातला आणि वर्षाच्या अखेरीस तो हल्ला करून घेतला. त्या वेळी इंग्रजांचे पेशव्यांशी कसलेही युद्ध चालू नव्हते. ठाणे पडले आणि त्याबरोबर सारे साष्टी बेट गेले. पदरचा राजा अल्पवयी आहे आणि घरात भांडण आहे, एवढे पाहून मित्राने शेजाऱ्याचे शेत आपल्या कुंपणात घेतले. भांडुप, मुलुंड, कुर्ले ही गावे अशा रीतीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली.

पुढे ६ मार्च १७७५ रोजी राघोबांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. पेशवाई मिळवून देण्यासाठी इंग्रजांनी फौज द्यावी आणि त्याबद्दल साष्टी, वसई इत्यादी मुलूख घ्यावा, असे त्यात ठरले. पण राघोबांच्या हाती ना राज्य होते, ना मुलूख देण्याचा अधिकार! लढाई सुरू झाली. कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारला मुंबईकरांचे हे वागणे अन्यायाचे वाटले. त्यांनी आपला वकील अप्टन ह्यास पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इंग्रजांनी राघोबांचा पक्ष सोडावा, पेशव्यांनी त्यांना बारा लाख रुपये द्यावेत आणि साष्टी तूर्त इंग्रजांकडे राहावी, असे त्यात ठरले. साष्टी सोडणे नानांना अत्यंत कठीण गेले. तरीही शांतता मिळत असेल तर तेवढी किंमत देण्यास ते तयार झाले.

परंतु पुरंदरच्या तहाची शाई वाळते न वाळते तोच मुंबईकरांनी राघोबांना आपल्या बेटावर आश्रय दिला. विलायतेतील कंपनीच्या चालकांनीही सुरतेचाच तह उचलून धरला. शेवटी १७७८ च्या नोव्हेंबर महिन्यात राघोबांना घेऊन इंग्रजी फौज मुंबईहून पुण्याकडे निघाली. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. त्यांनी वाटेवरचे दाणापाणी नाहीसे केले आणि शत्रूला घाटावर खोल येऊ दिले. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावपर्यंत आलेली ती फौज उपासमारीच्या भयाने मागे फिरली आणि वडगाव येथे महादजी शिंदे ह्यांच्या व पेशव्यांच्या सैन्याने तिला सर्व बाजूंनी कोंडले. मनात आणते तर मराठे त्या फौजेचा फडशा पाडू शकते. पण त्यांनी तह केला. १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख, अर्थात साष्टीसुद्धा, परत करावा आणि राघोबांना स्वाधीन करावे, असे इंग्रजांनी लिहून दिले. दोन इंग्रज अधिकारी ओलीस ठेवून घेऊन मराठ्यांनी बाकीच्या फौजेस मुंबईस सुखरूप जाऊ दिले.

फौज मुंबईस पोहोचली आणि हा तह आम्हांस मान्य नाही, असे मुंबईच्या व कलकत्त्याच्या इंग्रजांनी जाहीर केले! ज्या शब्दावर विश्वासून शेकडो प्राण वाचविले गेले, तो शब्दच नाकारला गेला. तथापि ओलीस राहिलेल्या दोघा अधिकाऱ्यांवर मराठ्यांनी त्याचा सूड उगविला नाही. महादजींनी पुढे त्यांना परत जाऊ दिले.

एकट्याच्या बळावर हा शेजारी आवरणार नाही, हे आता नानांनी ओळखले. दख्खनमध्ये तेव्हा तीन मोठ्या सत्ता होत्या: पुण्याचे पेशवे, हैदराबादचा निजाम आणि म्हैसूरचा हैदरअली. शिवाय नागपूरकर भोसले होते. ह्या सर्वांची आपसांत कित्येक वर्षे भांडणे चाललेली होती. नानांनी त्यांच्याशी बोलणी लावली आणि १७८० च्या आरंभास चौघांची जूट जमविली. चौघांनी चारी बाजूंनी इंग्रजांवर चालून जावे आणि कोणीही दुसऱ्यास सोडून एकट्याने तह करू नये, असा त्या जुटीचा मथितार्थ होता. हैदरला जोडताना नानांना घरचे नुकसान सोसावे लागले. कृष्णेच्या दक्षिणेकडील जो मराठी मुलूख हैदरने बळकावला होता, तो त्याच्याकडे राहू द्यावा आणि त्याने ठरलेली खंडणी द्यावी, असे त्यांनी मान्य केले. मित्राकडून साहाय्य हवे असेल, तर त्याच्याही पदरात काही पडले पाहिजे, हे नाना जाणून होते.

ह्या चौघांत खरा शब्दाला जागला तो हैदर. निजामाने हालचाल केली नाही. नागपूरकरांची फौज बंगालच्या वाटेवर रेंगाळली. हैदरने मात्र १७८० च्या जुलै महिन्यात मोठे सैन्य घेऊन कर्नाटकात मुसंडी मारली आणि मद्रासच्या इंग्रजांची दाणादाण उडविली. इंग्रजांचे बळ दोन ठिकाणी विभागले गेले. इकडे इंग्रज सेनापती गॉडर्ड ह्याने डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली आणि तो बोरघाट चढून आला. पण हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर ह्यांनी त्यास पुढे सरकू दिले नाही. १७८१ च्या एप्रिलमध्ये तो पुष्कळ नुकसान सोसून पनवेलीस परतला.

दोन्ही पक्ष थकले. ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजींच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी तहाचा मसुदा ठरला. इंग्रजांनी राघोबांचा पक्ष कायमचा सोडावा, पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख, वसईसह, पेशव्यांस परत द्यावा, परंतु साष्टी, घारापुरी, करंजा ही बेटे मात्र इंग्रजांकडे राहावीत, असे त्यात होते. शिवाय एक कलम असे होते, की हैदरने इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांच्या आत परत करावा आणि तो करविण्याची जबाबदारी पेशव्यांनी घ्यावी.

हे कलम वाचून नाना मोठ्या पेचात पडले. हैदर तेव्हा कर्नाटकात लढतच होता. पुणे संकटात असताना त्यानेच इंग्रजांना दक्षिणेत गुंतवून ठेवले होते. एकट्याने तह करावयाचा नाही, असा करार त्याच्याशी झाला होता. आता त्याला न विचारता तहावर मोहोर उठवावी, तर मित्राचा विश्वासघात होतो. न उठवावी, तर आपल्या राज्याला हवी असलेली शांतता लांबते, खर्चाचा डोंगर वाढतो आणि महादजींसारखा मातबर सरदार दुखावतो. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलने जूनमध्येच आपली संमती दिली होती. पुण्याच्या संमतीची सारेजण वाट पाहत होते.

नानांनी घाई केली नाही. त्यांनी तह धुडकावूनही लावला नाही आणि मान्यही केला नाही. एक महिना गेला, दोन गेले, सहा गेले. ह्या दिरंगाईत त्यांचा काही डावपेच नव्हता, असे म्हणता येणार नाही. हैदर रणात उभा आहे तोवर इंग्रजांकडून साष्टी परत मिळवावी, ही आशाही त्यांच्या मनात होती. परंतु हैदर जिवंत असेपर्यंत त्याला एकटे टाकून केलेल्या तहावर पुण्याची मोहोर उठली नाही, ही गोष्ट खरी आहे. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर छावणीतच मरण पावला. त्यानंतर नानांनी तहास मान्यता दिली आणि १७८३ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडचे कागद एकमेकांच्या हाती आले. राघोबा कोपरगावी जाऊन राहिले. साष्टी मात्र गेली ती गेलीच. युद्ध थांबले आणि पुढे वीस वर्षे मराठे व इंग्रज ह्यांच्यामध्ये लढाई झाली नाही.

मैत्री म्हणजे आंधळा विश्वास, असे नानांनी कधी मानले नाही. हैदरचा पुत्र टिपू ह्याने १७८५ साली नरगुंदच्या मराठी संस्थानिकावर हल्ला केला. तेव्हा बापाच्या मैत्रीखातर मुलाचा अन्याय त्यांनी पोटात घातला नाही. निजामास बरोबर घेऊन त्यांनी टिपूशी युद्ध केले आणि १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहाने बदामी, नरगुंद, कित्तूर ही ठाणी सोडवून घेतली. १७९० साली त्यांनी इंग्रज व निजाम ह्यांच्याशी टिपूविरुद्ध करार केला. ज्या इंग्रजांनी पूर्वी शब्द मोडला, त्यांच्याशीच आता हातमिळवणी करावयाची होती. म्हणून करारातील प्रत्येक कलम नानांनी पारखून घेतले. जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यावा आणि युद्ध थांबवावयाचे तर तिघांच्या विचाराने थांबवावे, असे ठरले.

त्याप्रमाणे हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन म्हैसूरवर गेले. १७९२ साली श्रीरंगपट्टणास वेढा पडला आणि टिपूने तह केला. त्याला आपले निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागले. निम्म्या राज्याचे तीन सारखे वाटे झाले आणि मराठ्यांची सीमा पुन्हा तुंगभद्रेस भिडली. टिपूचे राज्य समूळ बुडावे, अशी पुण्याची इच्छा नव्हती. एक शेजारी नाहीसा झाला, तर दुसरा डोईजड होतो, हे नाना पुरते ओळखून होते.

शेजाऱ्यांशी नीट वागावयाचे, तर शेजारी काय करीत आहे हे ठाऊक असावे लागते. ह्यासाठी नानांनी ठिकठिकाणच्या दरबारी आपले वकील ठेवले होते. हैदराबादेस गोविंदराव काळे ह्यांच्यासारखा बुद्धिमान वकील होता. तो दरबारातील लहानमोठी गोष्ट पुण्यास लिहून पाठवी. कोणाची फौज किती, खजिन्यात पैसा किती, कोण कोणावर रुष्ट आहे, ह्या सर्वांची पत्रे जासूद रात्रंदिवस दौडत पुण्यास आणीत. ती पत्रे नाना स्वतः वाचीत, उत्तरे सांगत आणि प्रत्येक कागद जपून ठेवीत. इंग्रजांचा वकील मॅलेट १७८६ पासून पुण्यास राहत होता. त्याला योग्य तो मान मिळे. परंतु राज्यकारभारात हात घालण्याची मुभा मात्र मिळत नसे.

निजामाशी मराठ्यांचे नाते फार गुंतागुंतीचे होते. १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहाने निजामाने चौथाई व सरदेशमुखी देण्याचे मान्य केले होते. पण हे पैसे वेळेवर कधी येत नसत. मराठ्यांना तो आपला हक्क वाटे, तर निजामाला ते जुलमाचे ओझे वाटे. दोन शेजाऱ्यांमध्ये असे न फिटणारे येणे राहिले, की मैत्री टिकत नाही. नानांनी पुष्कळ वर्षे मागणी केली. उत्तर उर्मटपणाचे आले, तेव्हा ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे लढाई झाली. तीत शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे मराठे एका झेंड्याखाली लढले आणि निजामाचा पराभव झाला. हा नानांच्या वैभवाचा कळस होय.

परंतु कळस झाल्यावर उतार येतो. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात सवाई माधवराव शनिवारवाड्यातील गच्चीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी मरण पावले. ज्या बाळासाठी नानांनी एवढा खटाटोप केला, तो एकविसाव्या वर्षीच गेला. बाहेरच्यांशी सावधपणे वागणाऱ्या नानांना घरच्यांचा विश्वास मात्र पूर्णपणे संपादन करता आला नाही. सारी सत्ता त्यांनी आपल्या हाती ठेवली. तरुण पेशव्यास कडक देखरेखीखाली वाढविले. महादजींशीही त्यांचे मनापासून जमले नाही. त्यामुळे धनी गेल्यावर गादीसाठी जो झगडा माजला, त्यात नाना एकाकी पडले. त्यांना पुणे सोडून महाडास जावे लागले. तेथे निजामाचे साहाय्य मिळविण्यासाठी १७९६ साली त्यांनी खर्ड्यास जे मिळविले होते, ते सोडून देण्याचा करार केला. रणात जिंकलेले घरच्या दुहीत गेले. पुढे राघोबांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले. १७९७ च्या वर्षअखेरीस दौलतराव शिंदे ह्यांनी नानांना कैद केले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. सुटका झाल्यावर १७९८ साली त्यांनी पुन्हा कारभार हाती घेतला, तेव्हा शरीर थकले होते आणि राज्यही थकले होते.

नेमक्या ह्याच वेळी सर्वांत मोठी कसोटी आली. गव्हर्नर जनरल वेलस्ली ह्याने तैनाती फौजेची योजना पुढे मांडली. इंग्रजांनी मित्राच्या राज्यात आपली फौज ठेवावी, तिचा खर्च मित्राने द्यावा आणि मित्राने इंग्रजांच्या संमतीवाचून इतर कोणाशीही बोलणे करू नये, अशी ती योजना होती. दिसावयास ही मैत्री. परंतु आतून ती बेडीच होती. जो आपल्या रक्षणासाठी दुसऱ्याची फौज घरात ठेवून घेतो, त्याला घरातल्या किल्ल्याही हळूहळू तिच्या हाती द्याव्या लागतात. निजामाने १७९८ साली ही योजना स्वीकारली. पुण्याने ती नाकारली. १७९९ च्या मे महिन्यात टिपू श्रीरंगपट्टणास लढता लढता पडला. त्याच्या मुलखाचा काही भाग अटी घालून पेशव्यांना देऊ करण्यात आला, तोही पुण्याने घेतला नाही. बरोबरीने वाटून घेतलेला हिस्सा १७९२ साली नानांनी मानाने स्वीकारला होता. अटींच्या दोरीस बांधलेला तुकडा घेणे म्हणजे पुढे सारे राज्यच गमावणे, हे त्यांनी ओळखले.

१३ मार्च १८०० रोजी पुणे येथे नानांचे देहावसान झाले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातील शहाणपण व समतोल वृत्तीही गेली, असे त्या वेळच्या इंग्रज वकिलासही वाटले. प्रतिपक्षाने दिलेली ही साक्ष फार मोलाची आहे. पुढे तीन वर्षेही झाली नाहीत, तोच बाजीराव होळकरांच्या भीतीने पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. ज्या वसईस चिमाजी आप्पांनी विजयाचा झेंडा लावला होता, त्याच वसईस हा तह झाला! १८१८ साली पेशवाई बुडाली.

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. तेथे नानांचा वाडा आणि त्यांनी बांधलेला सुंदर घाट अजून उभा आहे. तेथील देवळापाशी वसईच्या मोहिमेत मिळालेली एक मोठी घंटा टांगलेली आहे. ह्या वाड्यात नानांच्या दप्तराचा प्रचंड संग्रह होता. हे मेणवली दप्तर पुढे इतिहासाच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडले. कोणाशी काय ठरले, कोणी शब्द पाळला आणि कोणी मोडला, ह्याचा लेखी हिशेब त्या कागदांत आहे.

नानांच्या चरित्रात यशही आहे आणि अपयशही आहे. भांडुप-ठाण्याचा मुलूख त्यांना परत मिळविता आला नाही. घरची फूट त्यांना सांधता आली नाही. परंतु दोन राज्यांची मैत्री कशावर उभी असते, हे त्यांनी स्वच्छ ओळखले होते. करार स्पष्ट असावा, वाटा सारखा असावा, मित्र संकटात असताना त्याला सोडू नये आणि मित्राच्या नावाखाली कोणी मालक होऊ पाहील तर त्यास नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा, ह्या चार गोष्टी ते जन्मभर सांभाळू पाहत होते. प्रत्येक वेळी त्या सांभाळता आल्या नाहीत. ज्या वेळी आल्या, त्या वेळी राज्याचा मान वाढला. ज्या वेळी सुटल्या, त्या वेळी राज्याची हानी झाली. शेजारी आपल्याला निवडता येत नाही. त्याच्याशी सचोटीने व सावधपणे वागणे मात्र आपल्या हाती असते.